एकच टायर बदलताना साइज चुकली, तर एबीएस-ईएसपीचं काय होतं? मोजणीपासून स्कॅनरपर्यंत, क्रमाने

मागच्या पावसाळ्यात घोटीच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली आणि डाव्या बाजूचा पुढचा टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फाटला. माझी साइज १९५/५५ आर १६. जवळच्या टायरवाल्याकडे ती नव्हती. त्याने १९५/६० आर १६ काढून दाखवला, "सोळाचाच आहे साहेब, बसतो. तीन टक्क्यांपर्यंत चालतं." बसला की खरंच! नाशिकला पोचेपर्यंत डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी प्रणाली) आणि ईएसपी (वळणावर गाडी घसरू लागली तर सावरणारी प्रणाली) यांचे दिवे लागले होते. पुढे एका गॅरेजने चाकाचा स्पीड सेन्सर बदलला, पैसे घेतले, दिवे विझवले. पाथर्डी फाट्यापर्यंत ते परत हजर.

सेन्सर बिचारा ठीक होता. त्या 'तीन टक्क्यां'चा अर्थ चुकीचा लावला गेला होता. तीन टक्क्यांचा ठोकताळा चारही टायर एकदम बदलणाऱ्यांसाठी आहे: नवा संच मूळ व्यासापेक्षा साधारण तेवढ्याच फरकाचा असावा, म्हणजे स्पीडोमीटर फार बहकत नाही. एका चाकाला दुसऱ्यापेक्षा तीन टक्के मोठं ठेवायची ती परवानगी नव्हे. हे दोन हिशेब लोक एकत्र करतात आणि तिथूनच पुढच्या सगळ्या चुका सुरू होतात.

एबीएस-ईएसपी चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला, टायरची साइज दिसत नाही. त्याला फक्त प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे कळतं, आणि ते चारही आकडे एकमेकांशी ताडून पाहतं. ताशी ६० किमीला माझं चाक सेकंदाला साडेआठ फेऱ्या मारतं. एक टायर मोठा असेल तर त्या चाकाच्या फेऱ्या कमी पडतात, आणि युनिटला वाटतं की चाक घसरतंय किंवा गाडी वळतेय. टायर चुकीचा असेल ही शक्यता त्याच्या यादीत शेवटी येते, काही गाड्यांत येतच नाही.

१. दुकानात जाण्याआधी पाचही टायरची नोंद करा

पाच म्हणजे स्टेपनी धरून. सकाळी गाडी थंड असताना वही घेऊन खाली बसा आणि प्रत्येक टायरबद्दल लिहा:

- पूर्ण साइज, उदाहरणार्थ १९५/५५ आर १६. नुसतं "सोळाचा" लिहू नका.
- साइजच्या पुढचा आकडा आणि अक्षर, उदाहरणार्थ ८७ एच. ८७ म्हणजे एका टायरवर ५४५ किलो भार चालतो, एच म्हणजे ताशी २१० किमीची मर्यादा.
- कंपनी आणि नक्षीचं नाव.
- चार आकडी तारीख. २३२३ असेल तर २०२३ सालचा तेविसावा आठवडा. काही टायरवर ती आतल्या बाजूला असते. मोबाइलची टॉर्च लावून बघा.
- खाचांची खोली, आत-मध्ये-बाहेर अशी तीन ठिकाणी. छोटा गेज स्वस्तात मिळतो.
- हवा.

आता ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर स्टिकर असतो, त्यावर कंपनीने मान्य केलेल्या साइज आणि हवेचं प्रमाण असतं. तुमची नोंद त्याच्याशी ताडा. सेकंडहँड गाडी असेल तर हे आधी करा. आधीच्या मालकाने काय चढवलंय, हे त्याला विचारण्यापेक्षा टायरला विचारलेलं बरं.

सावध: एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटच्या साइज अदलाबदल करता येतात असं गृहीत धरू नका. कधी येतात, कधी येत नाहीत. बलेनोला १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या दोन्ही साइज येतात आणि त्यांच्या व्यासात एका मिलिमीटरचाही फरक नाही. नेक्सॉनच्या १९५/६० आर १६ आणि २१५/६० आर १६ मध्ये मात्र २४ मिलिमीटरचा फरक आहे. तिथे एकाच व्हेरिएंटचा पूर्ण संच हवा. एक टायर इकडचा, एक तिकडचा हे जमणार नाही.

२. व्यासाचं गणित करा

टायरवाल्याचा अंदाज किंवा यूट्यूबवरचा तक्ता यापेक्षा हे खात्रीचं, आणि दोन मिनिटांत होतं.

रुंदी गुणिले मधला आकडा भागिले शंभर म्हणजे साइडवॉलची उंची. ती दुप्पट करा. रिमचे इंच २५.४ ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे व्यास.

माझ्या मूळ टायरचा: १९५ × ०.५५ = १०७.२५. दुप्पट २१४.५. रिम १६ × २५.४ = ४०६.४. एकूण ६२०.९ मिमी.
चढवलेल्या टायरचा: १९५ × ०.६० = ११७. दुप्पट २३४. अधिक ४०६.४. एकूण ६४०.४ मिमी.

फरक १९.५ मिमी, म्हणजे ३.१ टक्के.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: ५५ ला मिलिमीटर समजणं. ती रुंदीची टक्केवारी आहे, म्हणून रुंदी बदलली की साइडवॉलची उंचीही बदलते. '५५ कायम ठेवला आणि १९५ चा २०५ केला' तर टायर फक्त रुंद होत नाही, ११ मिमीने उंचही होतो. दुसरी: साइडवॉल एकदाच धरणं. ती वरही असते, खालीही असते.

झीजसुद्धा याच हिशेबात धरा, कारण ती साइजइतकीच मोजावी लागते आणि कोणी मोजत नाही. कारच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी असते. १.६ मिमीला झिजेची खूण जमिनीला टेकते, तिथे टायर संपला. मधला फरक ६.४, दोन्ही बाजू धरून १२.८ मिमी. ६२० च्या टायरवर हे जवळपास दोन टक्के. म्हणजे तंतोतंत एकाच साइजचे, एकाच कंपनीचे दोन टायर, एक कोरा आणि एक गुळगुळीत, एकाच एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या एकाच जोडीत, लावले तरी ते मिसमॅचच.

३. खडूने जमिनीवर खात्री करा

कागदावरचं गणित छापलेल्या साइजवर चालतं. प्रत्यक्षात दोन कंपन्यांचे सारख्या साइजचे टायरही थोडे लहानमोठे निघतात. म्हणून मोजा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट, सरळ जागा बघा. चारही टायरची हवा स्टिकरप्रमाणे भरून घ्या. स्टिअरिंग सरळ. प्रत्येक टायर जमिनीला जिथे टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा. न्यूट्रलमध्ये गाडी हळूहळू ढकला, रेघ पुन्हा खाली येईपर्यंत दोन फेऱ्या. तिथे जमिनीवर दुसरी रेघ. चारही चाकांची दोन रेघांमधली अंतरं टेपने मोजा. एकजण आत ब्रेकवर बसलेला हवाच. उतारावर हा प्रयोग करू नका.

माझ्या गाडीत तीन चाकांचं अंतर बोटभर फरकाने सारखं आलं. चौथं चाक बारा सेंटिमीटर पुढे जाऊन थांबलं. गॅरेजमध्ये सेन्सरचे पैसे मोजण्याआधी ही बारा सेंटिमीटर दिसली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

तपासा: तुमचं माप दोन फेऱ्यांच्या कागदी परिघापेक्षा थोडं कमी येईल. गाडीच्या वजनाने टायर दबतो, म्हणून ते बरोबरच आहे. मापं एकमेकांशी ताडा, कागदाशी नाही.

४. फरक कुठल्या चाकात आहे ते ओळखा

या टप्प्यावर थोडं थांबू, कारण परिणाम चाकाच्या जागेवर ठरतो.

*एकाच एक्सलवर डावं-उजवं वेगळं.* सगळ्यात वाईट प्रकार. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून जास्त फिरतं. डाव्या-उजव्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर धरा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर दोन्ही चाकांच्या वेगात तीन टक्के फरक पडतो. माझ्या टायरचा फरकही तीनच टक्के. म्हणजे मी मुंबई-आग्रा हायवेवर नाकासमोर जात होतो, आणि पुढची चाकं मात्र सांगत होती की गाडी कसारा घाटातल्यासारख्या वळणावर आहे, तेही अखंड. दुसरीकडे स्टिअरिंगचा सेन्सर म्हणतो सरळ. गाडी किती वळतेय ते मोजणारा सेन्सर म्हणतो सरळ. ईएसपीचं कामच हे तिघांचे जबाब जुळवायचं. ते जुळेनात तेव्हा दोनच शक्यता: एक तर ईएसपी नको तिथे एखाद्या चाकाला ब्रेक लावेल, नाहीतर "मला कळत नाही" म्हणून दिवा लावून बाजूला होईल. बहुतेक वेळा दुसरं होतं. ते बरं वाटतं, पण पुढच्या ओल्या वळणावर गाडीत ईएसपी नसतो.

ब्रेक लावल्यावर एबीएसचा घोटाळा वेगळा. ब्रेकखाली गाडीचा खरा वेग काय असावा हे युनिट जास्त वेगाने फिरणाऱ्या चाकांवरून ठरवतं. मोठ्या टायरचं चाक आधीच तीन टक्के हळू, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ते 'घसरतंय'. चाक दहा-वीस टक्के घसरू लागलं की एबीएस तिथला ब्रेक सोडतो, आणि त्यातले तीन टक्के इथे फुकट गेले. मग त्या चाकाचा ब्रेक लवकर सुटतो, गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. लहान टायरचं उलट: ते चाक खरं लॉक होत आलं तरी युनिटला ठीक दिसतं, आणि त्याच्या जास्त फेऱ्यांमुळे बाकीची तीन चाकं घसरल्यासारखी वाटतात.

*पुढची जोडी एक, मागची दुसरी.* पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर लहान किंवा फार झिजलेले असतील, तर ते मागच्यांपेक्षा जास्त फिरतात. ट्रॅक्शन कंट्रोलला वाटतं चाक जागेवर गरगरतंय, आणि तो इंजिनची ताकद कापतो. वणीच्या गडाचा ओला चढ चढताना गाडी मध्येच दम सोडते अशी तक्रार असेल, तर इंजेक्टर साफ करण्याआधी टायर बघा. मागचे मोठे असतील तर ब्रेकची विभागणी करणारी ईबीडी प्रणाली मागची चाकं घसरताहेत समजून तिथला ब्रेक कमी करते, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो.

*चारही सारखेच वेगळे.* इथे चाकांची आपसातली तुलना शाबूत राहते, म्हणून दिवा लागत नाही आणि लोक निश्चिंत होतात. पण वेगाचा आकडाच चुकतो. मोठ्या टायरवर गाडी काट्यापेक्षा जोरात पळते. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवतो, ती सवलत इथे खर्च होते. समृद्धीवर १२० ची मर्यादा काट्यावर पाळून खऱ्या वेगाने ती ओलांडलेली असू शकते. ईएसपीचा वळणाचा हिशेबही याच वेगावर चालतो.

*हवेची सूचना देणारी टीपीएमएस.* ही दोन प्रकारची. एकात चाकाच्या व्हॉल्व्हला हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला साइजशी देणंघेणं नाही. दुसरी एबीएसच्याच सेन्सरवरून चाकाच्या फेऱ्या मोजून हवा ओळखते. हवा कमी झाली की परिघात एका टक्क्याहूनही कमी फरक पडतो, तो ही प्रणाली पकडते. आता सांगा, तिच्यासमोर तीन टक्के म्हणजे काय!

*फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह.* इथे चारही टायर एकदम बदला, चर्चा नको. चाकांतला कायमचा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं कपलिंग तापवतो आणि दुरुस्तीचं बिल चार टायरपेक्षा मोठं येतं.

सावध: "माझा दिवा लागत नाही, म्हणजे चालतंय" हा निष्कर्ष काढू नका. बऱ्याच गाड्यांची युनिटं सरळ रस्त्यावरचा छोटा कायमचा फरक शिकून घेतात आणि त्याची वजावट करतात. ती वजावट हवा-झिजेच्या किरकोळ फरकासाठी ठेवलेली असते. ती तुम्ही चुकीच्या साइजवर संपवलीत.

५. खरेदीचा क्रम

एक टायर गेला, बाकी तीन शाबूत: काय करायचं?

१) बाकीचे टायर ६-७ मिमीचे असतील तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, त्याच साइजचा एकच टायर घेतला तरी चालेल.

२) अर्ध्याच्या आसपास झिजले असतील तर जोडी घ्या. फाटलेल्याचा जोडीदार बरा असेल तर तो स्टेपनीला जाईल.

३) ३ मिमीच्या खाली असतील तर चारही घ्या. खिशाला लागतं, मान्य. पण तसेही ते पुढच्या पावसाळ्याला टिकणार नव्हते.

नवी जोडी मागे लावायची. यावर दुकानात हमखास वाद होतो, कारण "इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, नवे पुढे" हे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पुढची चाकं पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि सामान्य ड्रायव्हरला ती आवरत नाही. इगतपुरीच्या पावसात हे वाक्य आठवा. नवे मागे टाकल्यावर पुढचे झिजलेले थोडे जास्त फिरतील हे खरं, म्हणूनच ३ मिमीच्या खाली जोडीचा नाद सोडायला सांगतोय.

टायर रिमवर चढण्याआधी स्वतः वाचा. दोन्ही टायरवरची साइज, भाराचा आकडा, तारीख. भाराचा आकडा स्टिकरपेक्षा कमी नको. एकदा चढवून हवा भरली की दुकानदार परत घ्यायला नाखूश असतो, आणि त्याचंही चूक नाही. साइज नसेल तर "उद्या मागवून देतो" म्हणणाऱ्याकडे थांबा, स्टेपनीवर घरी जा. बिलावर पूर्ण साइज लिहून घ्या.

कंपनीने मान्य न केलेली साइज चढवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधल्या बदलांचा विषय होऊ शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनीला प्रश्न विचारायला जागा मिळते. तेवढं लक्षात असू द्या.

६. बसवल्यानंतर, याच क्रमाने

१) चाकांचं बॅलन्सिंग. नट पान्याने तिरक्या क्रमाने आवळलेले आहेत का बघा.

२) हवा. दुकानात टायर ताणून बसवायला जास्त भरतात आणि तशीच सोडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर स्टिकरप्रमाणे करा.

३) अलाइनमेंट. त्यात स्टिअरिंगचा मध्य हलला असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) शून्यावर आणावा लागतो. तो राहिला तर टायर बरोबर असूनही ईएसपीचा दिवा लागतो, आणि तुम्ही पुन्हा टायरवाल्याशी भांडता.

४) टीपीएमएस रिसेट, सगळ्यात शेवटी. हवा बरोबर करण्याआधी रिसेट केलंत तर चुकीची हवाच 'बरोबर' म्हणून शिकवली गेली. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

तपासा: चावी फिरवल्यावर एबीएस, ईएसपी आणि टीपीएमएसचे दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. मुळात लागतच नसतील तरी दाखवा. कोणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलेला असू शकतो.

मग अंबड एमआयडीसीत रविवारी सकाळी रिकाम्या सरळ रस्त्यावर एक चक्कर. सोबत स्कॅनरवाला असेल तर चारही चाकांच्या वेगाचे आकडे लाइव्ह बघा. माझे ६०, ६०, ६०, ५८ होते. त्या ५८ वाल्या चाकाचा सेन्सर बदलला गेला. बरोबर टायर लावल्यावर चारही ६०. एबीएस लागतो का बघायला करकचून ब्रेक मारणं किंवा गाडी झोकून बघणं, हे करू नका.

७. वाटेत स्टेपनी लावावी लागली तर

अलॉयच्या गाडीला बऱ्याचदा वेगळ्या साइजची किंवा बारकी स्टेपनी येते. बारक्या स्टेपनीवर ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली असते. ती सल्ला म्हणून नाही, मर्यादा म्हणून वाचा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक बसलं असेल आणि स्टेपनी वेगळी असेल, तर जागा सुरक्षित असल्यास मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. वीस मिनिटं जास्त जातील. हायवेच्या कडेला, रात्री किंवा पावसात ही कसरत करू नका. तिथे स्टेपनी पुढेच लावा आणि हळू चालवत पहिल्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जा. दिवा लागला तर एबीएस-ईएसपी नाही असं धरून अंतर ठेवा. साधा ब्रेक चालूच असतो. त्याच वेळी ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी थांबवा.

८. दिवा तरीही जात नसेल

क्रम असा: साइज, खाचांची खोली, हवा, खडूची चाचणी, स्टिअरिंगचा मध्य. मग सेन्सरची वायर आणि त्यावर साचलेला चिखल. मग सेन्सर. सर्वांत शेवटी हबमधली (चाकाच्या मध्यातली) दातेरी किंवा चुंबकी रिंग, जिच्यावरून सेन्सर फेऱ्या मोजतो.

गॅरेजवाला पहिल्याच झटक्यात सेन्सर म्हणाला, तर वहीतली नोंद त्याच्यासमोर ठेवा आणि चारही चाकांचे लाइव्ह आकडे दाखवायला सांगा. आकडा अधूनमधून शून्यावर जात असेल तर सेन्सर किंवा वायर. आकडा सलग येतोय पण ठराविक टक्क्यांनी कमी-जास्त आहे, तर टायर. बदललेला जुना सेन्सर परत मागा. माझा अजून डिकीत पडून आहे, ठणठणीत.